बारा रेघांचा कागद



वर्षांतून एकदां उपाशी पोटीं जाऊन रक्त द्यावयाचें आणि संध्याकाळीं आंकड्यांनीं भरलेला कागद घरीं आणावयाचा, ही चाल आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत रूढ झाली आहे. कागद हातीं पडतांच मंडळी ठळक छापलेला आंकडा आधीं शोधतात. आणि तो सांपडला कीं त्या रात्रीं जेवणावरची वासना उडते. हा कागद आला कोठून, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तांतील नुसती साखर मोजणें हें हातानें करावयाचें वेळखाऊ काम होतें. प्रथिनें काढून टाकावयाचीं, गाळावयाचें, रसायनें घालावयाचीं, तापवावयाचें आणि उमटलेला रंग पारखावयाचा. म्हणून डॉक्टरहि मोजकेंच विचारीत: मूत्रपिंडाची शंका असेल तर युरिया, मधुमेहाची असेल तर साखर. आधीं प्रश्न, मग तपासणी, असा तो क्रम होता.

हा क्रम उलटण्यास अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरचे लेनर्ड स्केग्ज हे रसायनज्ञ कारण झाले. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करीत असतां त्यांना सुचलें कीं, प्रत्येक नमुन्याला निराळी परीक्षानळी कशाला? एकाच बारीक नळींतून नमुन्यांची रांग वाहती ठेवावी आणि मधून मधून हवेचा बुडबुडा सोडावा. बुडबुडा नळीची आंतली बाजू पुसून घेतो, त्यामुळें एकाचें रक्त दुसऱ्याच्या रक्तांत मिसळत नाहीं. वाटेंत एका पातळ पडद्याशीं प्रथिनें अडत, पुढें रसायनें मिसळत, रंग उमटे, आणि शेवटीं लेखणी कागदावर शिखर काढी. एरवीं नळींत बुडबुडा शिरला कीं काम बिघडावयाचें. येथें त्यालाच पहारेकरी नेमलें! टेक्निकॉन कंपनीनें १९५७ सालीं हें यंत्र ‘ऑटोॲनालायझर’ या नांवानें विक्रीस आणलें. पुढें तिच्याच ‘एसएमए १२/६०’ या यंत्रांत तासाला ६० नमुने व प्रत्येकाच्या १२ तपासण्या होऊं लागल्या. कागदावर निरोगी माणसाची मर्यादा छायेनें दाखविलेली असे, व लेखणीची रेघ तिच्यांतून चढत उतरत जाई. डॉक्टरांनीं एक गोष्ट विचारली तरी बारा उत्तरें हातीं पडूं लागलीं.

न विचारलेल्या प्रश्नांच्या या उत्तरांचें करावयाचें काय? मिनेसोटा राज्यांतील रॉचेस्टर गांवाचा दाखला पाहा. गळ्यांतील पॅराथायरॉइड ग्रंथि फाजील स्रवूं लागल्या कीं रक्तांतील कॅल्शियम वाढतें. पूर्वीं हा रोग मूतखडा किंवा हाडांचें दुखणें झाल्यावर कळे. १९७४ च्या मध्यापासून तेथें सरसकट कॅल्शियम मोजूं लागले, तों लाखांत सालीना सुमारें ८ असलेले रोगी पहिल्याच वर्षीं ५१ झाले! रोग पसरला नव्हता. तो फक्त दिसूं लागला होता. यांतील पुष्कळांना कसलीच तक्रार नव्हती. त्यांच्या गळ्यावर शस्त्र चालवावें कीं नाहीं, याचें उत्तर यंत्राजवळ नव्हतें.

आणखी एक साधें गणित आहे. ‘निरोगी’ मर्यादा अशी आंखतात कीं १०० धडधाकट माणसांपैकीं ९५ तिच्या आंत यावीत. १२ तपासण्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर १०० निरोग्यांपैकीं ४६ जणांचा एखादा तरी आंकडा मर्यादेबाहेर जाणारच. २० केल्या तर ६४ जणांचा. त्या प्रत्यक्षांत इतक्या स्वतंत्र नसतात, म्हणून हिशेब थोडा उतरतो, इतकेंच. जेवण सोडण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें.

वार्षिक सर्वांगतपासणीनें आयुष्य वाढतें काय, हें पाहण्यासाठीं डॉ. मॉरिस कॉलन व त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांत १९६४ सालीं सुमारें १०,००० लोकांचे दोन गट केले. एका गटाला दरसाल आग्रहानें बोलाविलें; दुसऱ्याला त्याच्या रीतीनें राहूं दिलें. सोळा वर्षांनंतर एकंदर मृत्यूंत म्हणण्यासारखें अंतर नव्हतें. मात्र मोठ्या आंतड्याचा कर्करोग व रक्तदाब यांसारख्या लांबवितां येण्याजोग्या कारणांचे मृत्यु पहिल्या गटांत कमी भरले. मला हा निकाल फार बोलका वाटतो: लाभ झाला तो नेमक्या रोगांत, जेथें सांपडल्यावर कांहीं करतां येत होतें तेथें.

१९६८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें विल्सन व युंगनर यांचें चाळणी-तपासणीवरील पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील दहा कसोट्यांपैकीं एक अशी कीं, कोणाला रोगी समजून उपचार करावयाचा हें आधीं ठरलेलें असावें. रॉचेस्टरच्या त्या बिनतक्रार रोग्यांच्या बाबतींत १९७४ सालीं हें ठरलेलें नव्हतें. त्यासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला १९९० सालीं तज्ज्ञांची परिषद भरवावी लागली.