छपरातली काजळी

मध्ययुगीन इंग्लंड म्हटलं की किल्ले आणि चर्च आठवतात. पण शेतकरी कसल्या घरात राहायचा? त्याचं घर म्हणजे एका पिढीत मोडकळीला येणारी झोपडी, त्यातलं आज काही उरलेलं नाही, असं अभ्यासकही बराच काळ मानत होते.

हा समज लाकडानेच खोडला. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढतं, कधी रुंद, कधी अरुंद. हा क्रम जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं. ओकचं लाकूड तेव्हा ओलं असतानाच वापरत, त्यामुळे घराचं वयही कळतं. नॅट अल्कॉक आणि डॅन माइल्स यांनी मध्य इंग्लंडमधली शंभरहून अधिक घरं अशी तपासली. २०१३ साली त्यांचं पुस्तक आलं आणि दिसलं की साध्या शेतकऱ्यांची मध्ययुगातली घरं आजही उभी आहेत.

ती टिकली ती बांधणीमुळे. बाकदार ओक निवडायचा, खोड उभं चिरायचं आणि दोन्ही फाकी समोरासमोर ठेवून जमिनीजवळून आढ्यापर्यंत कमानीसारख्या टेकवायच्या. याला ‘क्रक’ म्हणतात. अशा दोन-चार जोड्या उभ्या राहिल्या की छपराचा भार सांगाडा पेलतो. भिंतीवर ओझं नाही, म्हणून ती कुडाची: काठ्यांची वीण आणि वर माती, शेण, पेंढ्याचा गिलावा. कोकणात हे समजावून सांगावं लागणार नाही. कूड खराब झाला तर नवा घालायचा, सांगाडा तसाच.

मधल्या दालनात जमिनीवरच आग पेटायची. वर माळा नाही, धुराडं नाही. धूर आढ्याकडे चढून पेंढ्यातून झिरपायचा आणि सगळं काजळून टाकायचा. सोळाव्या शतकापासून धुराडी आणि माळे आले, आणि हे थांबलं.

दक्षिण इंग्लंडमध्ये, विशेषतः डेव्हनमध्ये, शाकारणी करताना पुष्कळदा फक्त वरचा कुजका थर काढत आणि नवा चढवत. खालचा काळा थर शतकानुशतकं तसाच राहिला. जॉन लेट्स यांनी असे थर तपासून १९९९ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत गहू होता, राय होतं, शेतातलं तणही होतं. गव्हातही एकच वाण नव्हता. एकाच शेतात निरनिराळ्या जातींची उंच ताटं मिसळून वाढत. १९६० च्या दशकात मेक्सिकोतून आपल्याकडे आलेल्या बुटक्या गव्हाच्या हे अगदी उलट.

त्या शेतकऱ्याबद्दल कागदावर जे सापडतं, ते बहुतेक जमीनदाराच्या कारकुनाने लिहिलेलं: सारा किती, दंड किती. त्याने काय पेरलं आणि स्वतःच्या हाताने काय कापलं, ते छपरात आहे. घर दुरुस्त करताना सगळा पेंढा उतरवला, की त्या शेताची ही नोंदही कचऱ्यात जाते.