शिरूर, सिरूर आणि अडगळीची खोली

आमच्या दौंडला माणसं गाडी बदलायला उतरतात, राहायला नव्हे, असं शिरूरचा माझा मित्र नेहमी म्हणतो. त्यावर, 'तुझ्या गावाला तर मुळात गाडीच येत नाही,' असं मी ऐकवतो. हे भांडण जुनं आहे. एकदा मात्र आमच्यात यंत्रांनी लावून दिली, त्याची ही हकिकत.

इंटरनेट घरोघर येण्याआधी युजनेट नावाची एक सोय होती. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ती सुचली आणि १९८० मध्ये चालू झाली. कल्पना आपल्या चावडीवरच्या फळ्याची. एका विषयाला एक फळा, त्याचं नाव न्यूजग्रुप. कोणीही लिहावं, कोणीही उत्तर द्यावं. फरक एवढाच, की प्रत्येक सर्व्हरवर फळ्याची नक्कल असे, आणि सुरुवातीची यंत्रं रात्री एकमेकांना फोन लावून दिवसभराचा मजकूर पोचवीत. आमच्या आळीत हेच काम नळावर होई.

जगभर जाणारा मोठा फळा काढायचा तर चर्चा, मतदान असे सोपस्कार असत. 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा आपल्या मंडळींचा फळाही होता. मराठी माणसं जमल्यावर तिथे काय होत असेल, ते सांगायला नकोच. गावापुरत्या फळ्याला मात्र कोणाला विचारावं लागत नसे. सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याने एक आज्ञा टंकायची की फळा तयार!

१९९६ च्या सुमारास आम्ही दोघे पुण्यातल्या दोन कचेऱ्यांत सर्व्हर सांभाळत होतो. दोन्हीकडे शिरूर-दौंडची पोरं पुष्कळ. म्हटलं, काढू या दोन फळे. फोनवर ठरलं आणि दोघांनी आपापल्या यंत्रावर आज्ञा दिली. आठवडा गेला. माझ्याकडचे फळे कोरे करकरीत!

आधी मी मोडेमला शिव्या दिल्या. मग फळ्यावर लिहायची मुभा आहे ना, ते तपासलं. होती. शेवटी सोमवारी 'जंक' नावाच्या कप्प्यात डोकावलो. ओळखीच्या नावाचा फळा नसला, की सर्व्हर मजकूर या अडगळीत टाकी आणि काही दिवसांनी पुसून टाकी. तक्रार नाही, घंटा नाही. तिथे मित्राचा गुरुवारचा निरोप पडला होता : 'शनिवारी शिरूरला कोण जाणार आहे? आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपत आल्यात.'

पोटात गोळा आला. माझ्याच शेजारच्या टेबलावरचा पोरगा शनिवारी शिरूरला जाऊन आला होता!

भानगड स्पेलिंगची होती. मी इंग्रजीत लिहिलं होतं 'शिरूर' आणि 'दौंड'. त्याने 'सिरूर' आणि 'धोंड'. गावात इंग्रजांची छावणी होती याचा त्याला भारी अभिमान, म्हणून स्पेलिंगही त्यांचंच. आणि १८७८ साली सुरू झालेली रेल्वे कागदोपत्री 'धोंड-मनमाड'च होती, हा त्याचा पुरावा. माणसाला ही दोन्ही गावं एकच वाटतात. यंत्राला वाटत नाहीत.

घाबरत फोन केला. शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तराची वाट पाहून तो स्वतःच एस.टी.त उभा राहून गेला होता. आई ठणठणीत होती. गोळ्या हातात घेत म्हणाली, "एवढ्या मशिनी हायेत तुमच्याकडं, मग कंडक्टरपाशी पुडकं का नाय दिलंस?"

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आम्ही दोन्ही नावं कागदावर लिहून घेतली, जुने फळे मोडले, नवे काढले. त्याने चाचणीचा निरोप टाकला, मी उत्तर दिलं, आणि ते पोचल्याचं त्याने फोनवर सांगितल्यावरच फळा झाला असं धरलं.

ड्यूकने आपला युजनेट सर्व्हर २०१० साली बंद केला. २०२४ मध्ये गूगलनेही त्यातून अंग काढलं. आता गावाचा ग्रुप मोबाइलवर असतो. कोणी गोळ्या मागितल्या की पंचवीस अंगठे वर येतात. मी मात्र फोन लावून विचारतो, "पोचलं का रे?"

मित्राचं पाकीट अजून येतं. पत्त्यात 'धोंड'च असतं. पोस्टमन मुकाट्याने आणून देतो.