तळटीप ४ : किल्डेअरसारखा बेत

४. डब्लिनच्या पश्चिमेस असलेला किल्डेअर हा आयर्लंडमधील घोड्यांचा परगणा. तिथल्या करा या विस्तीर्ण गवताळ माळावर १८६६ पासून आयरिश डर्बी धावते. जवळच टली येथे आयरिश नॅशनल स्टड हा पैदास-फार्म आहे. याच परगण्यात स्ट्रॅफन येथील के क्लबच्या मैदानावर २००६ मध्ये युरोप-अमेरिका यांच्यातील रायडर चषक स्पर्धा झाली. त्यामुळे सकाळी गोल्फ, दुपारी शर्यत असा सुटीचा बेत तिथे सहज जमतो.

लेखकाने तोच बेत दिल्लीत आखला आहे. ‘लोधीचा गोल्फ’ म्हणजे आजचा दिल्ली गोल्फ क्लब. त्याच्या हिरवळीतच लाल बंगला ही अठराव्या शतकातली मुघल थडगी उभी आहेत. खेळ येत नसला तरी ती आवर्जून पाहावीत, इतकी देखणी आहेत. ‘रेसकोर्स’ म्हणजे १९४० मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली रेस क्लबचे मैदान. शेजारच्या रेसकोर्स रोडवर पंतप्रधानांचे निवासस्थान आहे. २०१६ मध्ये या रस्त्याचे नाव लोककल्याण मार्ग झाले. पुढील परिच्छेदातला पोलीस पहारा या निवासस्थानासाठीचा आहे, शर्यतीसाठीचा नव्हे. — संपा.