पेटीवरचा कोड

लहानपणी आमच्या नाशिकच्या बाजारात द्राक्षाचा भाव बागवानाच्या तोंडून ठरायचा. बागवान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फळांचा व्यापार करणारा आपला मुस्लिम समाज. शेतकरी आणि बागवान भावावरून भांडायचे, पण एकमेकांच्या लग्नालाही जायचे. माल खराब निघाला तर समोरासमोर तोड निघायची.

युरोपच्या बाजाराचे तसे नाही. तिथे कंटेनरभर, एकसारख्या मण्यांचा माल एकाच वेळी हवा. दोन एकरवाल्याला ते एकट्याने जमत नाही. म्हणून १९९१ मध्ये राज्यातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली. सुरुवातीला काही माल तिकडे नाकारला गेला. त्यातूनच तोडणीनंतर माल लगेच थंड करणे, पेटीत ग्रेप गार्ड घालणे हे शेतकरी शिकले. २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ सुरू केले. बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी आणि पेटीवर कोड, आमच्या हजेरीपटासारखेच.

तरीही २०१० साली घात झाला. वेलीची वाढ आवरण्यासाठी शेतकरी सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वापरत. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हते. युरोपच्या प्रयोगशाळांनी मात्र शोधले. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले आणि कर्ज इथल्या बांधावर आले. नियम कोणी केला आणि किंमत कोणी मोजली, हे त्या वर्षी कळले.

त्या फटक्यातून सावरताना विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत ‘सह्याद्री फार्म्स’ वाढवली. २००२ च्या कायदा दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येत होती; तिचा त्यांनी उपयोग केला. पॅकहाऊसच शेतकऱ्यांच्या मालकीचे झाले. लहान शेतकरी जगाच्या बाजारात टिकला तो कोणाच्या मेहेरबानीने नाही, एकजुटीने.

पण शिक्षक म्हणून मला हजेरीपटातून सुटलेली नावे आधी दिसतात. हंगामात सुरगाणा-पेठकडून विरळणीला येणाऱ्या बाया, पेट्या भरणारे मजूर, हातगाडीवर उरलासुरला माल विकणारा बागवान, यांच्यातल्या अनेकांना स्वतःची जमीन नाही. जमीन नाही म्हणून कंपनीत भाग नाही. पेटीवरच्या कोडवरून लंडनमधल्या माणसाला बाग सापडते. तो घड हाताने विरळणारी बाई सापडत नाही.

दोन एकरवाल्याचे नाव त्या पटावर यायला वीस वर्षे लागली. यांची नावे कधी येणार, हे आपणच विचारायला हवे.