गिअर-दांड्याची मूठ

गिअर-दांड्याची मूठ : हस्तचालित दंतचक्र पेटी असलेल्या मोटारगाडीत गती बदलण्याच्या दांड्याच्या वरच्या टोकास बसविलेला, तळहातात मावेल असा गोल अथवा लंबगोल भाग. दंतचक्र पेटीचे कार्य या भागावाचून अडत नाही. तथापि चालकाचा हात व पेटी यांचा संबंध येथेच येतो आणि कोणती गती कोठे आहे हे दाखविणारी आकृतीही बहुधा यावरच कोरलेली असते. मूठ ही मालकाने स्वतः काढावी व बदलावी अशी सुटी वस्तू म्हणून प्रचारात आली. पुढे ती दांड्याशी अधिकाधिक जखडली गेली. तिचा इतिहास हा मुख्यतः या जोडणीचा इतिहास होय.

आरंभीच्या गाड्यांतील दांडा चालकाच्या बाजूस, गाडीच्या कडेला असे व त्याचे टोक हातब्रेकच्या दांड्यासारखे लांबट असे. सरकत्या दंतचक्रांची पेटी १८९० नंतरच्या दशकात फ्रान्समधील पानार-लव्हासोर गाड्यांमुळे रूढ झाली. तीत सर्व गती एकाच ओळीत असत व दांडा केवळ पुढेमागे सरके. १९०१ च्या मर्सिडीज गाडीत समांतर खाचांची जाळी आली आणि दांडा आडवाही सरकू लागला. कोणत्याही दिशेने ढकलता वा ओढता येईल असे टोक गोलच असणे सोयीचे असते. दांडा गाडीच्या मध्यावर, थेट पेटीच्या झाकणातून वर येऊ लागल्यावर गोल मूठ सर्वत्र दिसू लागली. याला मोठा अपवाद फोर्डच्या टी प्रतिमानाचा (१९०८–२७). त्यात गती पायाच्या पट्ट्यांनी बदलत असल्याने गिअर-दांडा नव्हताच. त्यानंतरच्या ए प्रतिमानात मात्र दांडा व मूठ दोन्ही आली.

दांड्याच्या टोकास आटे पाडून त्यावर मूठ फिरवून बसविणे ही सर्वांत जुनी व सर्वांत साधी जोडणी होय. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट उष्णता व घर्षण सोसणारे आणि साच्यात सहज घडणारे असल्याने मुठीसाठी सोयीचे ठरले. आट्यांमुळे मालकास मूठ बदलण्याची मोकळीक होती. १९२०–४० या काळात अमेरिकेत रंगीत भोवऱ्यांच्या काचेच्या मुठी हौसेने विकत घेत. भारतातील मालमोटारींत आत फूल बसविलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या मुठी दिसतात, त्या याच हौसेच्या.

कॅडिलॅक गाड्यांत १९३८ मध्ये दांडा सुकाणू-स्तंभावर गेला व काही वर्षांतच बहुतेक अमेरिकन गाड्यांत ती पद्धत रूढ झाली. पुढच्या आसनावर तिघांस बसता येऊ लागले, पण दांडा बारीक झाला व मुठीचे महत्त्व घटले. भारतात अँबॅसॅडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी फियाट ११००, म्हणजेच १९७४ नंतरची प्रीमियर पद्मिनी, या दोन्ही गाड्यांचे दांडे दीर्घकाळ स्तंभावरच होते. मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या कित्येक पिढ्यांचा हात या बारीक दांड्यावर बसला. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० गाडीने जमिनीवरील दांडा सामान्य भारतीय मालकाच्या परिचयाचा केला.

दांडा पुन्हा जमिनीवर आला तेव्हा मुठीकडे नवी कामे आली. १९७७ च्या प्रतिमानापासून एमजीबी गाडीत अधिगतीचे विजेचे बटण मुठीतच बसविले गेले. ट्रायम्फ व व्होल्व्हो यांच्या काही गाड्यांतही तशीच योजना होती. अशा गाडीत तारा दांड्याच्या पोकळीतून वर येतात. त्या आधी न सोडविता मूठ फिरविली तर पिळून तुटतात. अन्य गाड्यांत उलट गती चुकून पडू नये म्हणून मुठीखाली वर उचलावयाचे कडे बसविले गेले. हे कडे नव्या मुठीत न बसल्यास उलट गती घालणेच अशक्य होते. फोक्सवागेनच्या १९९७ नंतरच्या गोल्फ गाडीत मूठ व चामडी झालर एकाच जोडकामात असून ती धरून ठेवणारी पट्टी काढताना निकामी होते. काही रेनॉ गाड्यांत मूठ डिंकाने चिकटविलेली असते. निर्मात्यास जोडणीचा वेळ वाचविणारी ही पद्धत मालकास महाग पडते.

म्हणून मूठ काढण्यापूर्वी जोडणीचा प्रकार ओळखणे आवश्यक असते. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढून व गती तटस्थ ठेवून काम करतात. आट्यांची मूठ घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून निघते. खाली जामनट असल्यास तो प्रथम सैल करतात आणि नवी मूठ बसविल्यावर आकृती सरळ येईल अशा स्थितीत तोच पुन्हा आवळतात. आट्यांची मापे एकसारखी नाहीत. होंडा गाड्यांत १० मिमी. व्यास व १.५ मिमी. अंतर, निस्सान व माझ्दा गाड्यांत १० मिमी. व १.२५ मिमी., तर टोयोटा व सुबारू गाड्यांत १२ मिमी. व १.२५ मिमी. अशी मापे सामान्यतः आढळतात. १.५ व १.२५ मिमी. अंतरांचे आटे पहिल्या एकदोन फेऱ्यांत जुळल्यासारखे भासतात व जोर लावल्यास दांड्याचेच आटे झिजतात. मूठ सहज बदलता येते, दांडा मात्र बदलता येत नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत मूठ दाबून बसविलेली असते. ती न पिळता सरळ वर खेचावी लागते. ती एकाएकी सुटते, त्यामुळे चेहरा दांड्याच्या रेषेत ठेवणे धोक्याचे असते.

मुठीच्या वजनाचा परिणाम जाणवतो. जड मूठ एकदा हलू लागली की तिच्या जडत्वामुळे समवेग यंत्रणेचा अवरोध सहज ओलांडला जातो. म्हणून अर्ध्या किलोग्रॅमपर्यंतच्या पोलादी मुठी विकल्या जातात. पोर्शच्या ९१७ या शर्यतीच्या गाडीत याउलट वजन वाचविण्यासाठी बाल्सा लाकडाची मूठ होती, तर होंडाने १९९२ च्या एनएसएक्स आर गाडीत टायटॅनियमची मूठ दिली. धातूची मूठ उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हात पोळण्याइतकी तापते, याचा अनुभव आपल्या हवामानात कोणासही येतो.

मुठीवरील आकृतीचा प्रश्न मात्र हौसेचा नाही. काही गाड्यांत उलट गती डावीकडे पुढे, काहींत उजवीकडे मागे असते. १९७२ पूर्वीच्या पाच गतींच्या पोर्श ९११ गाडीत पहिली गतीच डावीकडे मागे होती. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकानुसार गतींची आकृती चालकाच्या दृष्टीसमोर सदैव असली पाहिजे. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या रूढ रचनेच्या तीन गतींच्या पेटीस तेवढी सूट आहे. कोरी अथवा दुसऱ्या गाडीची आकृती असलेली मूठ बसविल्यास नेहमीच्या चालकाचे अडत नाही, पण गाडी प्रथमच हाती घेणारा मेकॅनिक वा टॅक्सीचा बदली चालक पुढे जाण्याऐवजी मागे जाऊ शकतो. अशा वेळी आकृतीची छोटी चकती समोरच्या फळीवर चिकटवितात.