तार पोचत नाही तिथली वीज

सौरविजेचा पाठ शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : सूर्यप्रकाश फुकट मिळतो, मग सौरवीज इतकी वर्षे महाग का होती? सौरघट बनवणे खर्चाचे होते, असे उत्तर आपण देतो. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. सौरघट अतिशय महाग होता त्या काळातही काही ठिकाणी तोच सर्वांत स्वस्त पर्याय ठरला होता. ही ठिकाणे कोणती होती आणि तिथे त्याचे कसे जमले, हे या लेखात पाहू.

काही पदार्थांवर प्रकाश पडला की वीज निर्माण होते, हे फ्रान्समधील एडमंड बेकरेल यांना १८३९ सालीच आढळले होते. १८८३ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमचे घट बनवले. पण पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम एक टक्का ऊर्जेचीच ते वीज करू शकत. उपयोगी पडेल असा घट बनला तो १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. त्यामागची अडचण लक्षात घेण्यासारखी आहे. उष्ण व दमट प्रदेशांतील दूरध्वनी यंत्रणेत वापरले जाणारे कोरडे घट लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम डॅरिल चॅपिन यांच्याकडे आले. म्हणजे जिथे विजेची तार नाही तिथे वीज कशी द्यायची, या प्रश्नातूनच आजचा सौरघट जन्माला आला. चॅपिन यांनी आधी सेलेनियम वापरून पाहिले. मग सहकारी जेरल्ड पिअर्सन आणि कॅल्विन फुलर यांच्या साहाय्याने ते सिलिकॉनकडे वळले. एप्रिल १९५४ मध्ये सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा घट जगापुढे आला.

१९५५ साली जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावाजवळ एका ग्रामीण दूरध्वनी तारमार्गावर त्याची चाचणीही झाली. घट चालले, पण परवडले नाहीत. त्या वेळी एका वॅटला सुमारे ३०० डॉलर पडत. शंभर वॅटचा एक दिवा भर उन्हात लावायचा म्हटले तरी ३०,००० डॉलर! आता हा घट घेणार कोण?

गिऱ्हाईक मिळाले ते अवकाशात. १७ मार्च १९५८ रोजी व्हॅन्गार्ड-१ हा छोटा उपग्रह सोडण्यात आला. त्यात दोन प्रक्षेपक होते : एक रासायनिक बॅटरीवर चालणारा, दुसरा सौरघटांवर चालणारा. पहिला जूनमध्येच बंद पडला. दुसरा १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला. अवकाशात जाऊन बॅटरी बदलता येत नाही. त्यामुळे वॅटची किंमत काय, हा प्रश्न तिथे गौण होता.

पृथ्वीवरही अशा जागा आहेत. समुद्रातील एकाकी खडकावर दीपस्तंभ असतो, खोल पाण्यात तरंगता बोया असतो. त्यांच्या दिव्याला वीज थोडीच लागते, पण ती रोज लागते आणि चुकून चालत नाही. जपानमध्ये शार्प कंपनीने १९६६ साली नागासाकी भागातील ओगामी बेटाच्या दीपस्तंभावर २२५ वॅटचे सौरघट बसवले. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींच्या फलाटांवर तर जहाजांना इशारा देणारे दिवे आणि भोंगे सक्तीचे होते. ते जड, एकदाच वापरता येणाऱ्या बॅटऱ्यांवर चालत. बॅटरी संपली की बोट किंवा हेलिकॉप्टर पाठवून नवी बसवायची; जुनी बऱ्याचदा समुद्रातच जाई.

इथे एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने वेगळा विचार केला. उपग्रहासाठीचा घट हलका आणि अत्यंत कार्यक्षम असावा लागतो. जमिनीवर ही अट कशाला? इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या त्यांनी वापरल्या, त्यांचा गोल आकार तसाच ठेवला आणि साध्या साहित्याने त्या बंदिस्त केल्या. १९७३ साली एक्झॉन या तेल कंपनीच्या पैशावर त्यांची सोलर पॉवर कॉर्पोरेशन उभी राहिली. वॅटचा भाव १०० डॉलरवरून २० डॉलरवर आला. गावातल्या विजेशी तुलना केली तर हाही भाव भरमसाट होता. पण फलाटावर तुलना गावातल्या विजेशी नव्हती. ती बोटीची फेरी, बॅटरी आणि माणसाची मजुरी यांच्याशी होती. तिथे सौरवीज सहज जिंकली! अमेरिकेच्या तटरक्षक दलातील लॉइड लोमर यांनी हाच हिशेब वरिष्ठांपुढे लावून धरला आणि १९८० च्या दशकात त्या दलाचे बोये व दिवे मोठ्या प्रमाणावर सौरविजेवर आले.

त्यानंतर शिडाच्या नौका, मुक्कामाच्या मोटारगाड्या आणि रानातल्या झोपड्या यांची पाळी आली. उत्तर कॅलिफोर्नियातील डोंगरात शहर सोडून राहायला गेलेल्या लोकांना १९७८ साली निघालेल्या रिअल गुड्स या दुकानातून पॅनेल विकत घेता येऊ लागले. मोटार आणि नौका यांच्यात १२ व्होल्टची बॅटरी आधीच होती. त्यामुळे पॅनेलही तिला जुळेल असेच बनले. एक सिलिकॉन घट काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट देतो. ३६ घट एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. बॅटरी पूर्ण भरायला १४ व्होल्टहून थोडे जास्त लागतात. उन्हाने घट तापला की त्याचा दाब घटतो, तारेतही थोडा जातो. वरचे व्होल्ट त्यासाठी. याशिवाय रात्री बॅटरीतील वीज उलटी पॅनेलकडे वाहू नये म्हणून डायोड आणि बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू नये म्हणून चार्ज कंट्रोलर हवा.

अशा घरात वीज मंडळाचे बिल येत नाही, पण जमाखर्च मात्र रोज मांडावा लागतो. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा. एका शेतघरात ५ वॅटचे दोन एलईडी दिवे ५ तास (५० वॅट-तास), १५ वॅटचा पंखा ६ तास (९० वॅट-तास) आणि रेडिओ व फोन मिळून २० वॅट-तास असा खर्च धरू. एकूण झाले १६०. वाटेतली घट धरून रोज सुमारे २१० वॅट-तास मिळवावे लागतील. पूर्ण उन्हाचे ५ तास धरले तर ४२ वॅट, म्हणजे बाजारातले ५० वॅटचे पॅनेल पुरेल. दोन ढगाळ दिवसांसाठी ३२० वॅट-तास साठवायला हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ६४० धरू. १२ व्होल्टने भागल्यास ५३ येतात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. आता एलईडीऐवजी ४० वॅटचे दोन जुने बल्ब धरून हाच हिशेब पुन्हा करायला सांगावा. रोजचा खर्च ५१० वॅट-तास होईल, आणि पॅनेल व बॅटरी दोन्ही तिपटीहून मोठी लागतील. वीज वाचवणे हे वीज बनवण्यापेक्षा स्वस्त असते, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ साली देशातील पहिला सौरघट आणि १९७८ साली पहिले पॅनेल बनवले. आज जागतिक बाजारात पॅनेलचा घाऊक भाव वॅटला पाव डॉलरहूनही खाली गेला आहे. अनेक छोट्या संचांत आता पॅनेलपेक्षा बॅटरीच महाग पडते, आणि शिसे-आम्लाची जागा लिथियमच्या बॅटऱ्या घेत आहेत. भाव बदलले, तरी हिशेबाची रीत तीच आहे. म्हणून एखादे साधन महाग की स्वस्त असे कोणी विचारले, तर आधी आपण उलट विचारावे : कुठे, आणि कशाच्या तुलनेत?