पडलेल्या विमानातील यंत्र

शत्रूचे विमान कोसळले की त्याच्या अवशेषांतून मिळणारी प्रत्येक वस्तू तपासून पाहावयाची, हा युद्धशास्त्राचा आजचा साधा नियम आहे. पण वस्तू हाती येणे निराळे आणि तिचे प्रयोजन कळणे निराळे. तारा, नळ्या आणि तबकड्या यांनी भरलेली पेटी स्वतः होऊन काही सांगत नाही. तिला योग्य प्रश्न विचारणारा माणूस भेटावा लागतो, आणि तोही वेळेवर. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या आकाशात रेडिओलहरींचे जे अदृश्य युद्ध झाले, त्यातील दोन पेट्यांची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

१९३९ च्या ऑक्टोबर महिन्यात स्कॉटलंडमध्ये जर्मनांचे एक हाइंकेल बाँबफेकी विमान पाडण्यात आले. त्यातील रेडिओयंत्रे फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेकडे तपासणीसाठी गेली. त्यांत लोरेन्झ पद्धतीचे एक ग्राहकयंत्र होते. त्यात कोणाला नवल वाटावे असे काही नव्हते. धुक्यात किंवा अंधारात धावपट्टी दिसत नसताना विमान सुखरूप उतरविण्यासाठी ही पद्धत तेव्हा अनेक देशांत वापरात होती. विमानतळावरून दोन झोत किंचित एकमेकांवर चढतील असे सोडले जात. एका बाजूला भरकटल्यास वैमानिकाच्या कानी टिंबे पडत, दुसऱ्या बाजूला रेघा पडत. आणि बरोबर मध्यरेषेवर टिंबे व रेघा एकमेकांत मिसळून अखंड सूर ऐकू येई. तपासनिसांनी यंत्राची नोंद केली, ‘विमान उतरविण्याचा ग्राहक’ असे त्याचे नाव लागले, आणि प्रकरण तेथेच मिटले.

त्याच सुमारास ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या गुप्तवार्ता विभागात आर. व्ही. जोन्स नावाचे एक तरुण पदार्थवैज्ञानिक काम करीत होते. त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. १९४० च्या मार्चमध्ये आणखी एका पडलेल्या हाइंकेलमध्ये कागदाचा एक कपटा सापडला. त्यावर ‘क्निकेबाइन’ असा शब्द, सकाळी सहाची वेळ आणि ३१५ अंशांची दिशा एवढाच मजकूर होता. क्निकेबाइन म्हणजे वाकडा पाय. या नावावरून काहीच बोध होत नव्हता. पुढे १२ जून रोजी ब्लेचली पार्क येथे उकललेला एक जर्मन गुप्त संदेश जोन्स यांच्या हाती आला. क्लेव्ह येथील क्निकेबाइन ५३ अंश २४ मिनिटे उत्तर आणि १ अंश पश्चिम या बिंदूवर रोखले आहे, असा त्याचा आशय होता. क्लेव्ह हे इंग्लंडला जवळ असलेले जर्मन गाव. तो बिंदू मात्र इंग्लंडच्या मध्यभागी, रेटफर्ड गावाच्या परिसरात पडत होता. तीनशे मैलांहून दूर असलेल्या बिंदूवर जे ‘रोखता’ येते, ते रेडिओचा झोत असले पाहिजे, हे जोन्स यांनी ओळखले.

आता प्रश्न उरला तो असा, की हा झोत विमानात कोण ऐकतो? पाडलेल्या हाइंकेल विमानांत असे खास यंत्र कोठेच आढळले नव्हते. याच दिवसांत एका जर्मन युद्धकैद्याने आपल्या सोबत्याजवळ काढलेले उद्गार चोरून ऐकण्यात आले. इंग्रजांनी कितीही शोध केला तरी ते यंत्र त्यांना सापडावयाचे नाही, अशी त्याची खात्री होती. जोन्स यांनी त्या फुशारकीतून नेमका उलटा अर्थ काढला. शोधूनही सापडत नाही ते बहुधा डोळ्यांसमोरच असते. म्हणजे निराळे यंत्र नाहीच. नेहमीच्या यंत्रालाच दुसरे काम दिलेले आहे.

त्यांनी फार्नबरोच्या तपासनिसांना दूरध्वनी केला आणि विचारले, की त्या विमान उतरविण्याच्या ग्राहकात काही विशेष आढळले होते काय? उत्तर आले, की तसे काही नाही. मात्र आता विचारलेच आहे तर सांगावयास हवे, की विमान उतरविण्यास लागते त्याहून त्याची संवेदनक्षमता फारच अधिक आहे. विमान उतरविताना लागणारा संकेत जवळच्या तळावरून येतो, तो जोरकस असतो. मग क्षीण, दूरचा संकेत पकडणारे कान त्या यंत्राला कशासाठी दिले होते? कोडे येथे सुटले. आठ महिने त्या यंत्राचे मोजमाप कागदावर होते, पण या गुणाचा अर्थ विचारण्याचे कोणाला कारण पडले नव्हते.

२१ जून १९४० रोजी पंतप्रधान चर्चिल यांनी या विषयावर मंत्रिमंडळाच्या दालनात बैठक बोलाविली. जोन्स यांना बोलावणे आले तेव्हा कोणी सहकारी थट्टा करीत आहे असे त्यांना वाटले, आणि ते उशिरा पोहोचले. तेथे त्यांनी सुमारे वीस मिनिटे सारा पुरावा क्रमाने मांडला. विरोधही झाला. लहरींच्या प्रसाराचे ख्यातनाम तज्ज्ञ टी. एल. एकर्स्ली यांचे मत असे पडले, की इतक्या आखूड लहरी पृथ्वीच्या वळणाला धरून तेवढ्या दूर येणे शक्य नाही. अखेर प्रत्यक्ष आकाशात जाऊन ऐकणे हाच निर्णायक उपाय उरला. त्याच रात्री एक अ‍ॅन्सन विमान वर गेले. हौशी रेडिओप्रेमींसाठी अमेरिकेत बनविलेला एक ग्राहक त्यात बसविला होता. स्पाल्डिंग गावाच्या दक्षिणेस एक मैलावर विमानाला झोत लागला. त्याची रुंदी चारशे ते पाचशे यार्ड होती. दक्षिणेस टिंबे, उत्तरेस रेघा, मध्ये अखंड सूर. पुढे दुसराही झोत मिळाला. हे दोन झोत एकमेकांना छेदत होते ते डर्बीच्या परिसरात, जेथे लढाऊ विमानांची रोल्स-रॉइस इंजिने तयार होत होती.

मग प्रतिकाराला विलंब लागला नाही. प्रारंभी रुग्णालयांतील डायाथर्मीची विद्युत्‌यंत्रे आणून त्यांच्या खरखरीने झोत गढूळ करण्यात आले. पुढे खास प्रेषक उभे राहिले. क्निकेबाइनला इंग्रजांनी ‘डोकेदुखी’ हे गुप्तनाव दिले होते, म्हणून त्यावरील उपायाला ‘अ‍ॅस्पिरिन’ म्हटले गेले.

परंतु जर्मनांकडे याहून सूक्ष्म अशी दुसरी पद्धत सिद्ध होती. तिचे नाव एक्स-गेरेट. तिच्यात एक मुख्य झोत आणि त्याला आडवे छेदणारे झोत असत. त्यांच्या खुणेवर विमानातील घड्याळ चालू होई आणि नेमक्या क्षणी बाँब आपोआप सुटत. ती वापरणारी विमाने थोडी असत, पण ती पुढे जाऊन आगी लावीत आणि मागून येणारा तांडा त्या ज्वाळांवर बाँब टाकी. या झोतांवरही इंग्रजांनी गोंधळ माजविणारे प्रेषक उभे केले.

६ नोव्हेंबर १९४० रोजी या तुकडीतील एक हाइंकेल वाट चुकून डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, वेस्ट बे येथे वाळूत उतरले. यंत्र जणू चालून आले होते! पण विमान भरतीच्या रेषेवर पडलेले. ते सेनेचे की नौदलाचे, असा हक्काचा वाद निघाला, आणि त्या ओढाताणीत ते पाण्यात गेले. बाहेर काढलेली यंत्रे खाऱ्या पाण्याने आणि वाळूने माखून फार्नबरोला पोहोचली.

१४ नोव्हेंबरच्या रात्री, स्वच्छ चांदण्यात, कव्हेन्ट्रीवर घाला पडला. सुमारे साडेचारशे विमानांनी रात्रभर बाँबवर्षाव केला. ५६८ माणसे मेली आणि शतकानुशतके उभे असलेले सेंट मायकेलचे प्रधान मंदिर जळून गेले. त्यानंतर वेस्ट बेच्या यंत्राची तपासणी पुरी झाली तेव्हा कळले, की त्यात एक ध्वनिगाळणी होती आणि ती दर सेकंदास २००० कंपनांचा सूरच आत घेत होती. इंग्रजांच्या प्रेषकांचा सूर मात्र १५०० कंपनांचा होता. शत्रूचा सूर मोजताना चूक झाली होती. एवढ्या खटाटोपाने उठविलेला कोलाहल गाळणीतच अडकला. जर्मन वैमानिकाच्या कानापर्यंत तो पोहोचलाच नाही. चूक तात्काळ दुरुस्त झाली; पण कव्हेन्ट्रीच्या दृष्टीने ती दुरुस्ती उशिरा आली.

ती गाळणी आठ दिवस आधी कळती तर कव्हेन्ट्री वाचली असती काय, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही; त्या रात्रीचे चांदणेही शत्रूच्या मदतीला होते. तथापि या दोन पेट्यांमधील फरक ध्यानी घेण्यासारखा आहे. पहिली पेटी कोरडी, धड आणि तज्ज्ञांच्या मेजावर होती. तिला विचारावयाचा प्रश्न तेवढा नव्हता. दुसरीच्या बाबतीत प्रश्न सिद्ध होता, विचारणारेही सिद्ध होते. पण ती कोणाच्या ताब्यात असावी याचा निर्णय होईपर्यंत समुद्राने आपला निर्णय दिला. पहिल्या वेळी एका दूरध्वनीने कित्येक कारखान्यांवरचा नेम चुकविला. दुसऱ्या वेळी एका दोराच्या मालकीचा वाद चालू राहिला, आणि यंत्र जे सांगू शकत होते ते शहर जळल्यावर ऐकले गेले.